इंजिन बदलावे की दुरुस्त करावे?

आमच्या वस्तीत अलीकडे गाड्या वाढल्या आहेत. शोभेच्या नव्हेत, पोटाच्या. कोणाची रिक्षा, कोणाचा छोटा हत्ती, कोणाची जुनी ओम्नी. माणूस कर्ज काढून गाडी दारात आणतो, चार वर्षे बरी जातात आणि एक दिवस मागून निळा धूर निघू लागतो. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो इंजिनचे काम काढा, दुसरा म्हणतो इंजिनच बदला. शेजारचा येऊन गाडी भंगारात घाला म्हणून सांगतो, कारण त्याच्या खिशातून काही जाणार नसते. गेल्या दिवाळीनंतर हा प्रश्न आमच्याच घरात आला. आम्ही शिक्षणाने बी.कॉम. आणि नोकरीने कारकून. इंजिनातले आम्हांस फारसे कळत नव्हते, पण हिशेब कळतो, आणि हा प्रश्न निम्मा हिशेबाचाच निघाला. म्हणून वाचक बंधू-भगिनींपुढे तो सविस्तर मांडत आहोत.

आमचे धाकटे बंधू कल्याण पूर्वेला राहतात. पहाटे चार वाजता बेकरीतून पाव, खारी, टोस्ट भरतात आणि उल्हासनगर, अंबरनाथपर्यंतच्या दुकानांत टाकून दहाच्या सुमारास परततात. दुपारी दुसरे एखादे भाडे मिळाले तर मिळाले. गाडी पिवळ्या नंबरप्लेटची, मालवाहू ओम्नी. नोंदणी २०१३ ची. बंधूंनी ती २०१९ साली जुनी घेतली. कर्ज २०२२ मध्ये फिटले तेव्हा भावजयीने गल्लीत पेढे वाटले होते.

ओम्नी ही गाडी वाचकांना नवी नाही. मारुतीने १९८४ साली व्हॅन म्हणून ती आणली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, मारुती ८०० च्या घराण्यातले. ते पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे उन्हाळ्यात ड्रायव्हरची बैठक तापते. इतकी वर्षे ही गाडी रस्त्यावर असल्याने तिचे काम न केलेला मिस्त्री सापडणे कठीण, आणि सुटे भाग अजून मिळतात. ही गोष्ट पुढे हिशेबात आमच्या कामी आली.

तक्रार हळूहळू वाढत गेली. प्रथम चढावर पिकअप कमी झाला. मग डिपस्टिक काढून पाहावी तर ऑइल खाली गेलेले. शेवटी पाचशे किलोमीटरला एक लिटर ऑइल लागू लागले आणि अॅक्सिलेटर दाबला की मागे निळा धूर. पूर्वी लिटरला चौदा किलोमीटर देणारी गाडी अकरावर आली. त्यात वार्षिक पासिंग तोंडावर. मालवाहू गाडी आठ वर्षांवर गेली की तिचे पासिंग दरवर्षी करावे लागते आणि धूर सोडणारी गाडी तेथे पास होत नाही. पासिंग नाही तर विमा असून नसल्यासारखा, आणि पहाटेच्या नाकाबंदीत गाडी अडकली तर बेकरीवाला दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस पाहतो.

बंधू पहिल्यांदा ज्या गॅरेजात गेले तेथल्या माणसाने सीट उचलली, इंजिन चालू करून घेतले, धूर पाहिला आणि निकाल दिला, इंजिन खलास, दुसरे टाका, चाळीस हजार तयार ठेवा. दोन मिनिटांचे काम. ना काही खोलले, ना काही मोजले.

आता हे चाळीस हजार कोठून यायचे? घरात नेमकी तेवढीच रक्कम होती. आमची पुतणी बारावीला आहे. तिला जी.एन.एम. नर्सिंगला जायचे आहे, आणि तिच्या पहिल्या फीसाठी भावजयीने तीन वर्षे साठवून मुदत ठेव केली होती. बंधू रात्री आमच्याकडे आले, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दादा, ठेव मोडतो. गाडीच नसेल तर पुढची फी कुठून भरणार?" दुसऱ्या दिवशी पुतणीचा फोन आला. "मोठे पप्पा, पप्पांना सांगा, मोडा ठेव. मी एक वर्ष थांबते." मुलीचे एक वर्ष थांबणे म्हणजे काय, हे आमच्या घरांतून सांगण्याची गरज नाही. एक वर्ष थांबलेल्या किती मुली पुढे कॉलेजात गेल्या, ते प्रत्येकाने आपल्या गल्लीत मोजावे. भावजयीने मात्र एकच वाक्य सांगितले: ठेवीला हात लागणार नाही, बाकी काय करायचे ते करा. आम्हांस हे वाक्य फार उपयोगी पडले. चाळीस हजार हाताशी आहेत असे एकदा डोक्यात बसले की माणूस बाकीचे मार्ग नीट पाहतच नाही.

आमचा भाचा आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड करतो. तो म्हणाला, मामा, कंप्रेशन घेतल्याशिवाय कोणी इंजिन खलास म्हटले तर ऐकू नका. त्याने आम्हांला उल्हासनगरच्या एका वृद्ध मिस्त्रीकडे नेले. सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी धुराचे शास्त्र उभ्या उभ्या सांगितले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे. कार्बुरेटर, फिल्टर पाहा, स्वस्तात सुटते. इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत असेल तर पाणी आत शिरते आहे, हेड गॅस्केट पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पण निळ्यातही दोन प्रकार आहेत. सकाळी चालू करताच भपकारा येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्वची सीले गेलेली असतात, ते काम थोडक्यात होते. गाडी ओढताना सतत धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर. बंधूंच्या गाडीचा धूर दुसऱ्या जातीचा होता.

मग चाचांनी प्लग काढून एकेका भोकात गेज लावला आणि स्टार्टर फिरवायला सांगितले. पहिला सिलिंडर १५५ पौंड, दुसरा १५०, तिसरा ९५. तिसऱ्यात त्यांनी चमचाभर ऑइल सोडले व पुन्हा मोजले. काटा १३५ वर गेला. रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्या मधली फट ऑइलने तात्पुरती बुजली, म्हणून दाब वाढला. व्हॉल्व गळत असता तर ऑइल टाकूनही काटा फारसा हलला नसता. अर्ध्या तासात एवढे कळले की दोन सिलिंडर ठीक आहेत, एक झिजला आहे आणि हेड बऱ्यापैकी आहे. ह्या तपासणीचे चाचांनी दोनशे रुपये घेतले.

झीज तिसऱ्यातच का, ते चाचांनी नक्की सांगितले नाही. पण एअर फिल्टर बाहेर काढून दाखवला. स्वस्तातला, एका बाजूने फाटलेला. कल्याण-शीळ रस्त्याची सारी धूळ त्यातून आत गेली असणार. धूळ ऑइलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी भिंत घासत राहते. बंधू खाली पाहत राहिले. आम्ही काही बोललो नाही. पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला दुपारी फिल्टरविषयी व्याख्यान देण्यात अर्थ नसतो.

आता हिशेब. रविवारी आम्ही कागद घेऊन बसलो. गाडी महिन्याला सुमारे १५६० किलोमीटर धावते. चौदाच्या हिशेबाने १११ लिटर पेट्रोल, अकराच्या हिशेबाने १४२. फरक ३१ लिटरचा. लिटरला १०४ रुपये धरले तर सव्वातीन हजार होतात. वर महिन्याला तीन लिटर ऑइल, हजार रुपयांचे. म्हणजे झिजलेले इंजिन काही न करता तसेच चालवले तरी दरमहा सव्वाचार हजार रुपये खाते. "अजून चालते आहे ना, चालू दे" हा मार्ग फुकटचा वाटतो, पण सर्वांत नियमित पैसे तोच घेतो. फक्त ते पेट्रोल पंपावर थोडे थोडे जातात म्हणून दिसत नाहीत.

बी.कॉम.ला आम्हांला भांडवली खर्च आणि महसुली खर्च असा भेद शिकवीत. ज्याचा लाभ त्याच वर्षात संपतो तो महसुली, ज्याचा लाभ पुढे अनेक वर्षे मिळतो तो भांडवली. ऑइल, प्लग, फिल्टर हे रोजच्या कमाईतून जावे. इंजिनचे मोठे काम मात्र पुढची काही वर्षे गाडी ओढणार. तेव्हा त्याचा खर्च तितक्या महिन्यांत विभागून पाहिला पाहिजे. लोक विचारतात, किती लागतील? आम्ही कागदावर दोन रकाने केले. किती लागतील, आणि किती महिने चालेल.

दुसऱ्या रकान्यासाठी इंजिनाआधी कायद्याकडे पाहावे लागते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी वाचकांना आठवत असतील. शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात टॅक्सी म्हणून नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सींची इंजिने मिस्त्री पुन्हा पुन्हा उभी करीत. पण तारीख आल्यावर इंजिन कसे आहे हे कोणी विचारले नाही. बंधूंच्या गाडीला ती वीस वर्षांची मर्यादा नाही. मात्र २०२८ ला तिची पंधरा वर्षे भरतील, आणि पंधरा वर्षांवरच्या व्यापारी गाड्यांच्या पासिंगची फी एप्रिल २०२२ पासून बरीच वाढलेली आहे. तेव्हा आम्ही तीस महिने धरले. त्यापुढे चालली तर तो नफा.

पहिला मार्ग, नुसत्या रिंगा आणि बेअरिंगा बदलणे. ह्याला गॅरेजात हाफ काम म्हणतात. खर्च चौदा हजार. पण झिजलेला सिलिंडर गोल राहत नाही, लंबगोल होतो. त्यात नवी गोल रिंग घालणे म्हणजे चेपलेल्या डब्यावर नवे झाकण बसवणे. चाचा म्हणाले, दहा महिने, फार तर वर्ष. चौदा हजार भागिले दहा, महिना चौदाशे.

दुसरा मार्ग पूर्ण काम. ब्लॉक लेथवाल्याकडे देऊन तिन्ही सिलिंडर बोअर करायचे, मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे, हेडचे व्हॉल्व घासायचे, सीले, ऑइल पंप, टायमिंग बेल्ट, सारे नवे. अंदाज बत्तीस हजार. तीस महिन्यांत विभागले तर महिना अकराशेच्या आसपास. वरवर महाग दिसणारे काम महिन्यावर आणले की हाफ कामापेक्षा स्वस्त पडते.

तिसरा मार्ग जुने तयार इंजिन. त्यासाठी आम्ही, बंधू आणि भाचा असे तिघे कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. मुंबईचा हा सुट्या भागांचा बाजार एकदा पाहण्यासारखा आहे. दुकानांपुढे इंजिने रांगेने मांडलेली, प्रत्येकावर खडूने काही लिहिलेले, पायाखाली ऑइलने काळी झालेली फरशी. ओम्नीचे इंजिन पंचवीस हजारांना, बसवायचे पाच हजार वेगळे. दुकानदार गोड बोलत होता, सात दिवसांची गॅरंटी देत होता. भाच्याने विचारले, गाडी कोणती होती, किती चालली होती, चालू करून दाखवाल का, कंप्रेशन घेऊ द्याल का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हते, पुढच्या दोहोंना नकार होता. तीस हजार खरे. पण भागायचे किती महिन्यांनी? तीस महिने चालले तर महिना हजार, सहा महिने चालले तर पाच हजार. भागाकारातला खालचा आकडाच कोणी सांगत नव्हते.

त्याहून मोठी अडचण कागदाची. गाडीचा इंजिन नंबर आरसी बुकात लिहिलेला असतो. इंजिन बदलले की मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओला कळवून नवा नंबर नोंदवून घ्यावा लागतो. त्यासाठी ते इंजिन कोणत्या गाडीतून आले त्याचे कागद हवेत. एका दुकानात स्वस्तातले इंजिन दाखवले, त्याचा नंबर असायचा तो भाग कानशीने घासलेला होता. भाच्याने बंधूंचा हात धरून त्यांना बाहेर आणले. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या सीटखाली निघाले तर दुकानदार कोठे सापडणार? पोलीस चौकीत बसून आपण निर्दोष आहोत हे सांगण्याची पाळी गाडीवाल्यावरच येते, आणि आपल्या माणसाचे तेथे किती ऐकून घेतात ते सर्वांना ठाऊक आहे. कुर्ल्यात प्रामाणिक दुकानदार नाहीत असे नव्हे. एकाने स्वतःच सांगितले, ब्लॉक चांगला असेल तर तुमचेच इंजिन करून घ्या. त्याच्याकडे आम्ही चहा प्यालो.

चौथा मार्ग नवी गाडी. तो बंधूंच्या मित्रांनी सुचवला होता. नवी मालवाहू ईको पाच-सहा लाखांच्या घरात जाते. पाच लाख कर्ज पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता जवळपास अकरा हजार. बंधूंच्या हाती पेट्रोल जाऊन महिन्याला अठरा-वीस हजार राहतात. नवी गाडी म्हणून बेकरीवाला जास्त पैसे देणार नाही. पाव तेवढेच राहणार. ह्या मार्गावर आम्ही पाच मिनिटेही घालवली नाहीत.

"दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर दुरुस्ती करू नये" असा एक नियम लोक सांगतात. ही ओम्नी विकली तर सत्तर हजार येतील, म्हणजे आम्ही नियमाच्या काठावरच होतो. पण हा नियम रविवारी फिरायला जाणाऱ्या गाडीचा आहे असे आमचे मत. कमावत्या गाडीची किंमत ती विकून काय येईल ह्यावर ठरत नाही, ती उद्या पहाटे काय आणेल ह्यावर ठरते.

पैसे शेवटी भावजयीच्या बचत गटातून उभे राहिले. पस्तीस हजार, महिना शेकडा एक रुपया व्याजाने. गटातल्या बायकांनी तिला कागद मागितला. आम्ही केलेला हिशेब तिने मांडला: पेट्रोल आणि ऑइल मिळून जे सव्वाचार हजार वाचतील त्यातून दरमहा चार हजारांचा हप्ता, नऊ हप्ते आणि वर थोडे. एका बाईने विचारले, इंजिन केल्यावर अॅव्हरेज वाढलेच नाही तर? प्रश्न रास्त होता. भावजय म्हणाली, तर दुपारच्या भाड्यातून देईन, पण मुलीच्या ठेवीतून नाही. कर्ज मंजूर झाले.

काम नऊ दिवस चालले. त्या दिवसांत बंधूंनी शेजारच्या छोट्या हत्तीवाल्याला भाडे देऊन पाव पोचवले. त्यात फायदा काही नाही, पण लाइन हातची गेली नाही. हेड उतरल्यावर चाचांनी आम्हांला बोलावून घेतले. तिसऱ्या सिलिंडरच्या वरच्या काठाला नख लावायला सांगितले, तर तेथे स्पष्ट कड लागली. रिंग वरून जेथून परत फिरते तेथे आच आणि दाब सर्वांत जास्त, ऑइल सर्वांत कमी; म्हणून झीज तेथेच अधिक. लेथवाल्याने गेजने मोजून सांगितले, पाव मिलिमीटर मोठ्या पिस्टनवर हा बोअर साफ होणार नाही, अर्धा मिलिमीटरवर जावे लागेल. म्हणजे ह्या ब्लॉकचे हे शेवटचे माप. ह्यानंतर पुन्हा झिजला तर स्लीव्ह घालावी लागेल. आमचे तीस महिने ह्या मापात बसत होते. तिन्ही बोअर एका मापाचे केले. क्रँक मात्र मापात निघाला, त्याचे ग्राइंडिंग वाचले. तिकडे वाचले ते वॉटर पंप आणि क्लच प्लेटने घेतले. एकूण बिल ३४,६०० रुपये. जुने पिस्टन, रिंगा, बेअरिंगा बंधूंनी पिशवीत घालून मागून घेतल्या. बदललेला भाग पाहायला मागणे हा आपला हक्क आहे, आणि चाचांनी तो न मागताच दिला असता.

पहिले हजार किलोमीटर गाडी जपून चालवायची होती. जास्त वजन नाही, चढावर जोर नाही, पाचशे किलोमीटरला ऑइल बदल. नव्या रिंगा भिंतीला बसायला तेवढा वेळ लागतो. बंधू पाव थोडे कमी भरून दोन फेऱ्या मारत. पुतणीने वहीत रोजचे किलोमीटर आणि पेट्रोल लिहिण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे. पहिल्या महिन्यात अॅव्हरेज साडेबारा, दुसऱ्यात साडेतेरा. चौदा अजून झालेले नाही, त्यामुळे हप्त्यात चार-पाचशे रुपये दुपारच्या भाड्यातून घालावे लागतात. ऑइल मात्र डिपस्टिकवर जेथे होते तेथे आहे. गाडी पासिंगला पास झाली. तिसरा हप्ता गेल्या आठवड्यात भरला, आणि नवा एअर फिल्टर बंधूंनी ह्या वेळी दुकानात जाऊन स्वतः पाहून घेतला.